शेवटच्या पानावरची आई

मी बारा पानांचं एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो. छापखान्याची शाई मला कधी लागली नाही. माझ्यातलं प्रत्येक अक्षर हातानं लिहिलेलं आहे, प्रत्येक चित्र हातानं रंगवलेलं आहे, आणि जगात माझी दुसरी प्रत नाही. माझं वेष्टन भूर्जाच्या सालीचं आहे. साल काढायची ती जूनच्या अखेरीस, झाडात रस चढलेला असताना. तशी काढली म्हणूनच ती इतक्या वर्षांत तडकली नाही. देवदारासारख्या स्प्रूसच्या झाडाची बारीक मुळं भिजवून, सोलून, त्यांनी मला शिवलेलं आहे. एका कोपऱ्यावर चहाचा डाग आहे, पाठीवर उंदरानं कुरतडल्याच्या खुणा आहेत. दिसायला मी काही देखणं नाही.

ज्या दोन बहिणींनी मला घडवलं त्या आता नाहीत. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही. खरं तर ती तशीही पुरी होत नाही. का होत नाही, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

थोरली ओडील. उत्तरेकडच्या थंड जंगलात, तळ्याकाठी, तिथल्या मूळ रहिवाशांची आमची वस्ती; तिच्या शाळेत ती स्वयंपाकीण होती. धाकटी झिटा. ती तळ्याच्या पलीकडच्या टोकाला एकटी राहायची, सशांना फास लावायची, मासे धुरी देऊन सुकवायची आणि कुणाच्या अध्यात मध्यात नसायची. दोघींचं भांडण नव्हतं, पण येणं-जाणंही फारसं नव्हतं. नाताळला आणि कुणी वारलं तर भेट व्हायची. चहा प्यायच्या, हवापाण्याचं बोलायच्या आणि उठायच्या.

ओडीलचा मुलगा वेंडेल लाकूडतोडीच्या कामावर महिनोन् महिने बाहेर असायचा. त्याची मुलगी ट्रिना ओडीलपाशीच वाढत होती. ट्रिना सहा वर्षांची असताना शाळेतून एक चित्रांचं पुस्तक घेऊन घरी आली. त्यात लाल गोठा होता, गाय होती, डुक्कर होतं, कोंबड्या होत्या.

"आजी, तू गाय पाहिलीयेस?"

"लांबून. बसमधून," ओडील म्हणाली.

"मग पुस्तकात सगळ्यांकडे गाय कशी?"

"असते त्यांच्याकडे. आपल्याकडे रानातला मूस आहे, तळ्यात बांध घालणारा बीव्हर आहे."

"मग बीव्हरचं पुस्तक कुठंय?"

ओडील उठून चुलीशी गेली. तिनं पीठ मळलं, रोटी तळली, पोरीला वाढली. जेवण आटोपल्यावर मात्र तिनं कपाटातून जाड कागदाची चित्रकलेची वही काढली आणि एक बीव्हर काढला. दातांत फांदी धरून पोहणारा, पाण्यात मागे रेघ सोडत जाणारा. ओडीलचा हात फार चांगला होता. लहानपणी सरकारनं घरातून उचलून ज्या दूरच्या शाळेत तिला ठेवलं होतं, तिथं चित्र काढणं ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यासाठी तिला मार बसत नसे. म्हणून तिनं ती सोडली नव्हती.

तो बीव्हर म्हणजे माझं पहिलं पान. त्याच्याखाली त्याचं नाव लिहायचं म्हणून ओडीलनं पेन्सिल धरली आणि ती अडली. इंग्रजी नाव तिला येत होतं. आपल्या भाषेतलं येत नव्हतं. म्हणजे एके काळी येत होतं. त्या शाळेत ते धुऊन काढलं होतं; आपली भाषा तोंडून निघाली की तोंड अक्षरशः साबणानं धुवायचे.

शनिवारी तिनं मला पिठाच्या पिशवीत घातलं, पोरीला बर्फावरच्या गाडीवर मागे बसवलं आणि गोठलेलं तळं ओलांडून ती झिटाच्या दारात गेली.

"झिटा, याला काय म्हणतात?"

झिटानं कागद हात लांब करून धरला, मान वाकडी केली. "याला? तोंडावरनं तर आपला वेंडेल वाटतोय."

ट्रिना खुदकन हसली.

"नीट सांग. बीव्हर आहे तो."

"ते त्याला माहीत आहे का विचार आधी," झिटा म्हणाली आणि तिनं चुलीवर चहाचं भांडं चढवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "अमिक."

"अमिक," ट्रिना म्हणाली.

"अमिक," ओडील म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द अडखळत आला. तिनं तो कानाला जसा ऐकू आला तसा इंग्रजी अक्षरांत लिहिला.

मित्रांनो, गंमत पाहा. झिटाला सगळी भाषा येत होती, पण लिहिता-वाचता येत नव्हतं, कारण ती कधी शाळेत गेलीच नव्हती. ओडीलला सुरेख अक्षर काढता येत होतं, पण लिहायला शब्द नव्हते. त्या दोघींत मिळून एक पुस्तक होत होतं.

त्या हिवाळ्यात ओडील दर शनिवारी तळं ओलांडून आली. बर्फात कान उभे करून बसलेला ससा, वाबूझ, दुसऱ्या पानावर आला. मग मेपलच्या झाडाला लावलेली भूर्जाची पन्हळ आणि तिच्यातून थेंब थेंब गळणारा गोड रस. मग जाळं ओढणारा म्हातारा. पुढची पानं सगळी भाताची होती. आमच्या तळ्यात आपोआप उगवणारा भात, मनोमिन. होडी पाण्यात लोटण्याआधी चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहणारे आजोबा. उभ्यानं बांबूएवढी लांब काठी रोवून होडी पुढे ढकलणारा बाप. दोन दांडक्यांनी ओंब्या वाकवून हलकेच झोडणारी आई. कढईत भात परतणारी मावशी. खड्ड्यात मऊ जोडे घालून भात तुडवणारी लहान मुलगी. दहाव्या पानावर पहिली वाटी वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातात दिलेली होती. अकराव्यावर बदकं होती, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम न झोडता सोडलेला भात.

"हा कशाला सोडायचा?" ट्रिनानं विचारलं होतं.

"बदकं काय आपल्याकडे जेवायला येणार आहेत?" झिटा म्हणाली. "आणि उरलेला पाण्यात पडतो, तो पुढल्या वर्षी उगवतो. सगळं ओरबाडलंस तर पुढल्या वर्षी काय चाटशील?"

ओडील एकेक वाक्य लिहून घ्यायची आणि वाचून दाखवायची. तिच्या उच्चारांना झिटा हसायची. असंच हसून एका शनिवारी झिटाच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ओडीलनं पेन्सिल खाली ठेवली.

"हस. तुला हसायला काय जातंय. तुझं तोंड कुणी साबणानं धुतलं नाही."

झिटा हसायची थांबली. चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला. ट्रिना जमिनीवर पालथी पडून बदकाच्या मानेला हिरवा रंग देत होती, तिनं मान वर केली नाही.

"मी काय केलं त्यात, ताई?"

"तू काही केलं नाहीस. आईनं केलं. शाळेची बोट आली तेव्हा तिनं तुला लपवलं. मला नाही."

हे वाक्य ओडीलनं पन्नास वर्षं कुणालाही ऐकवलं नव्हतं. मी तेव्हा सुटी पानं होतो, टेबलावर पसरलेली, आणि मी ते ऐकलं.

झालं होतं ते असं. सप्टेंबर होता, भाताचे दिवस. ओडील सात वर्षांची, झिटा चार. मुलं न्यायला येणाऱ्या मोटरबोटीचा आवाज आजोबांनी आधी ऐकला. आईनं झिटाला होडीत पालथी घातली, वर झोडलेला भात पसरला आणि होडी ओंब्यांच्या दाटीत आत नेऊन ठेवली. ओडील काठावर पाणी भरत होती. बोटीतल्या माणसांना ती आधी दिसली. ती गेली ती आठ वर्षांनी परत आली. उन्हाळ्याच्या सुटीतही तिला घरी सोडलं नाही. ती परतली तेव्हा आईला क्षयानं जाऊन दोन वर्षं झाली होती.

"तू पुढं होतीस, बादली घेऊन," झिटा म्हणाली. "तुझ्यापर्यंत पोचायला वेळच नव्हता."

"आईनं हाक मारली का मला?"

झिटाला खोटं बोलता आलं असतं. "मला नाही आठवत, ताई. मी भाताखाली होते. कुसळं डोळ्यांत गेली होती, तेवढं आठवतं."

ओडीलनं सामान आवरलं. पुढच्या शनिवारी ती येणार नाही असं मला वाटलं होतं. पण ती आली, आणि येताना एक चित्र पुरं करून घेऊन आली. तेच माझं बारावं पान.

त्यात आई आहे. भात संपल्याचा दिवस आहे. ती होडीत गुडघ्यांवर बसली आहे, कडेवरून वाकली आहे आणि तिचा हात मनगटापर्यंत पाण्यात आहे. ओठ किंचित उघडे आहेत. ओडीलला आईचं एवढंच आठवत होतं. चेहराही नीट आठवत नव्हता, म्हणून तिनं तो केसांच्या सावलीत ठेवला. पण हात मात्र असा काढला की पाणी गार आहे हे पाहणाऱ्याला कळावं.

झिटानं ते पान हातात घेतलं आणि या वेळी काही चेष्टा केली नाही.

"ती काहीतरी म्हणायची पाण्याशी," ओडील म्हणाली. "दर वर्षी, शेवटच्या दिवशी. काय म्हणायची?"

"म्हणायची." झिटानं पान परत दिलं नाही. "तू गेल्यावर त्यात आणखी काही म्हणायला लागली. तुझ्याबद्दल. मरेपर्यंत दर वर्षी म्हणायची. मी होडीत असायचे, मला पाठ आहे."

ओडीलनं पेन्सिल उचलली. "सांग."

"असं चुलीपाशी बसून नाही सांगायचं ते. भात संपला की तिथं पाण्यावर म्हणायचं असतं. सप्टेंबरात दोघी जाऊ. तिथंच सांगते."

"आत्ताच सांग की. लिहून मोकळी होते."

"पन्नास वर्षं थांबलीस, आणखी सात महिने थांब," झिटा म्हणाली. मग जरा मवाळ होऊन म्हणाली, "ताई, तुला बरं वाटेल असं आहे ते. म्हणूनच नीट सांगायचंय."

ओडील थांबली. तिनं बाराव्या पानाखालची जागा कोरी ठेवली.

मार्चमध्ये झिटानं टोपलीसाठी ठेवलेली भूर्जाची साल बाहेर काढली आणि मला शिवलं. तेव्हापासून जूनपर्यंतचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. ट्रिना मला शाळेत घेऊन गेली. मुलं माझ्याभोवती गर्दी करायची, एकमेकांच्या डोक्यावरून माना काढून पाहायची. कुणी म्हणायचं, हे आमच्या आजोबांचं जाळं आहे. कुणी म्हणायचं, या कढईला कान एकच आहे, आमच्या कढईला दोन आहेत. शाळेचा म्हातारा झाडूवाला दाराशी उभा राहायचा. एकदा तो म्हणाला, "पोरी, सशाचं पान परत वाच ना." ट्रिनानं वाचलं. त्यानं मान हलवली आणि तो बादली उचलून गेला. माझ्या कोपऱ्यावरचा चहाचा डाग ट्रिनानं त्याच दिवसांत पाडला. ओडील रागावली नाही. "पुस्तक वाचतात तेव्हाच सांडतं त्याच्यावर," ती म्हणाली.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ओडील झिटाकडे गेली. भात कितपत तयार झाला आहे ते बघायला दोघी होडीनं जाणार होत्या. झिटा दारातल्या पायरीवर बसलेली होती. मांडीवर फासाची तार होती, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि ओडील काय विचारते आहे ते तिला कळत होतं, पण उत्तर येत नव्हतं.

विमानानं तिला शहरातल्या इस्पितळात नेलं. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

त्या सप्टेंबरात तळ्यात भात उभा पिकला होता, पण आमच्या घरची होडी पाण्यात उतरली नाही. ओडील शाळेतून रजा घेऊन शहरात गेली आणि तिनं मला बरोबर नेलं. ती रोज झिटाच्या खाटेशी बसायची आणि मला पहिल्यापासून वाचून दाखवायची. तिचे उच्चार अजून चुकायचे. चुकले की झिटाच्या तोंडाची जी बाजू हलत होती ती जराशी वर जायची.

"हस, हस," ओडील म्हणायची. "आता मी काही बोलणार नाही तुला."

शेवटचं पान आलं की ती वाचायची थांबायची आणि पान झिटाच्या डोळ्यांसमोर धरायची. झिटा प्रयत्न करायची. मी इतक्या जवळ होतो की तिचा श्वास माझ्या कागदाला लागायचा. नुसता श्वास, आणि घशातून घरघर. ती दमायची, घाम यायचा. मग ओडील मला मिटायची आणि म्हणायची, "राहू दे. उद्या बघू."

असे नऊ-दहा दिवस गेले. एका दुपारी झिटानं डावा हात उचलून माझ्या शेवटच्या पानावर ठेवला. चित्रातलं पाणी जिथं आहे, बरोबर तिथं, तळवा पालथा. बराच वेळ तसाच ठेवला. मग तिनं तोच हात उचलला आणि त्याचं बोट ओडीलच्या छातीवर टेकवलं.

"ओमा," ती म्हणाली. थांबली. डोळे मिटून जोर केला. "काकी."

ओमाकाकी म्हणजे बेडकी. ओडील लहानपणी सदा पाण्यात असायची, म्हणून आई तिला त्या नावानं हाक मारायची. त्या नावानं तिला गेल्या पन्नास वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं. ती स्वतःच ते विसरली होती. त्या शाळेत तिला नावाऐवजी एक आकडा होता, आणि पुढे सगळ्यांसाठी ती ओडीलच होती.

ओडील खुर्चीवरून उठली आणि परत बसली.

"आई पाण्याला माझं नाव सांगायची?"

झिटानं डोळे मिटून उघडले. हो.

"दर वर्षी?"

हो.

"काय म्हणायची? माझं नाव घेऊन काय म्हणायची, झिटा?"

झिटाचे ओठ हलले. तिनं पुन्हा पुन्हा जोर केला. मग डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळत गेलं. नर्स म्हणाली, आज पुरे करा. ओडीलनं रुमालानं बहिणीचा कान पुसला. "पुरे," ती म्हणाली. "एवढं पुष्कळ आहे, बाई. एवढं पुष्कळ आहे."

अकरा दिवसांनी झिटा गेली. तिला वस्तीत आणून पुरलं. चार दिवस जाळ पेटता ठेवला, तिच्यासाठी ताट वाढलं. ते सगळं झाल्यावर ओडील घरी टेबलाशी बसली आणि तिनं माझ्या बाराव्या पानाखाली तो एकच शब्द लिहिला. मधोमध. त्याच्या आधी जागा सोडली, नंतरही सोडली.

पुढच्या वर्षी शहरातून भाषेचं काम करणारी काही मंडळी आली. त्यांना मी फार आवडलो. हे छापू, म्हणाले, सगळ्या वस्त्यांच्या शाळांना पाठवू. फक्त शेवटच्या पानावर काहीतरी हवं.

"'पाण्याचे आभार' असं साधं वाक्य घालू या का, ओडीलबाई?" त्यांच्यातली एक बाई अगदी अदबीनं म्हणाली. "मुलांना रिकामी जागा बघून चुकल्यासारखं वाटेल."

"तिथं वाक्य आहे," ओडील म्हणाली. "आपल्याला येत नाही, एवढंच."

ती बाई पुन्हा दोनदा आली. ओडील बधली नाही. मग ते काम मागे पडलं. मित्रांनो, या गोष्टीचा मी खूप विचार केला आहे. छापलं असतं तर माझी शेकडो भावंडं झाली असती, शेकडो मुलांनी वाबूझ आणि अमिक म्हटलं असतं. ओडीलनं हट्ट केला म्हणून मी एकटाच राहिलो. पण आईच्या तोंडी परक्या माणसाचं वाक्य घालायचं तिच्या जिवावर आलं, हेही मला समजतं. तिचं चुकलं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ट्रिना तेरा वर्षांची झाली तेव्हा पुढच्या शिक्षणासाठी तिला शहरात जावं लागलं, कारण आमच्या वस्तीत मोठी शाळा नव्हती. जाताना तिनं मला हातात घेतलं आणि परत उशाशी ठेवलं. "आजी, तुझ्यापाशी राहू दे. हरवेल तिकडे." ओडील त्यानंतर मला क्वचितच उघडायची. वाचून दाखवायला कुणी नव्हतं. ती मला हातात घेऊन बसायची, शेवटचं पान काढायची आणि तो शब्द पुटपुटायची. कधी कधी त्याच्यापुढे काही शब्द लावून पाहायची, स्वतःच्या मनचे. मग मान हलवायची.

ट्रिना एकोणीस वर्षांची असताना ओडील वारली. वेंडेलनं तिचं सामान खोक्यांत भरून मागच्या पडवीत ठेवलं, फाटकी जाळी आणि जुने बूट यांच्यात. तो वाईट माणूस नव्हता. आईच्या वस्तू डोळ्यांसमोर नकोत, एवढंच त्याला वाटलं. मी त्या खोक्यात एकोणीस हिवाळे काढले. थंडीत माझी पानं कडक व्हायची, वसंतात ओल यायची. उंदरानं माझी पाठ कुरतडली. ससा आणि पन्हळ यांची पानं एकमेकांना चिकटली. अंधारात मी बीव्हरपासून बदकांपर्यंत सगळं स्वतःशी म्हणत असे, पण पुस्तकाला आवाज नसतो. हळूहळू मला स्वतःलाच शंका यायला लागली की ओडील कुठल्या शब्दावर थांबायची आणि झिटा कुठं हसायची.

वेंडेल वारल्यावर ट्रिना घर आवरायला आली. बरोबर तिची मुलगी होती, ओपल, सहा वर्षांची. ट्रिनानं खोकं उघडलं, मला पाहिलं आणि ती तिथंच जमिनीवर बसली.

"हे काय आहे?" ओपलनं विचारलं.

"हे माझं पुस्तक. माझ्या आजीनं आणि तिच्या बहिणीनं केलेलं."

"वाच ना."

ट्रिनानं पहिलं पान काढलं. "अमिक," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला. पुढची पानं तिनं नखानं जपून सोडवली. "वाबूझ." मग खालच्या वाक्यावर ती अडखळली. ओडीलनं ते तिच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलं होतं. ती पद्धत फक्त ओडीलची होती. ट्रिनाला चाल आठवत होती, आवाज कुठं चढायचा ते आठवत होतं, पण शब्द फुटत नव्हते. तिनं अक्षरं लावून लावून वाक्य म्हटलं. ते चुकीचं होतं. मला माहीत होतं की चुकीचं आहे, आणि मला सांगता येत नव्हतं.

"पुढे?" ओपल म्हणाली.

"मला नाही येत."

"पण तूच म्हणालीस ना तुझं पुस्तक आहे."

ट्रिनानं मला मिटलं आणि मांडीवर धरलं. ओपल गुपचूप तिच्या खांद्याला टेकली.

तीन तळी सोडून पलीकडच्या वस्तीत अँब्रोज नावाचे एक म्हातारे गृहस्थ आहेत, शहाऐंशी वर्षांचे. भाषा पुरी येणारं त्या भागात आता त्यांच्याइतकं कुणी नाही. ट्रिना मला फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडे घेऊन गेली. जाताना तिनं रिवाजाप्रमाणे तंबाखू नेली आणि आधी ती त्यांच्या हातात ठेवली.

ट्रिनानं सशाचं पान वाचलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं वाचलंस तर सशाला कळायचंसुद्धा नाही की त्याच्याबद्दल बोलतेयस."

"म्हणून तर आले, आजोबा."

त्यांनी तिला सशाचं वाक्य तीनदा म्हणायला लावलं. मग जाळ्याचं, मग कढईचं. काही ठिकाणी ते म्हणाले, हे आमच्याकडे असं नाही म्हणत, पण त्या तळ्याकडची माणसं म्हणायची. शेवटच्या पानाशी ते आले आणि त्यांनी तो एक शब्द वाचला.

"बेडकी. आणि पुढं?"

"पुढचं गेलं, आजोबा. मागचंही. सांगणारी होती, तिनं सांगायला उशीर केला."

अँब्रोज आजोबांनी चित्रातल्या हाताकडे पाहिलं. "त्यांच्या घरचं ते त्यांनाच ठाऊक. आमची आई निराळं म्हणायची."

"काय म्हणायची?"

"सांगतो की. आता दमलो मी. मंगळवारी ये."

ट्रिना उठली नाही. तिनं पिशवीतून वही काढली, कोरी, आणि पेन. "मंगळवारी येतेच. पण एक वाक्य आत्ता सांगा. तोवर मी चहा करते."

"फार घाई दिसते तुला."

"हो," ट्रिना म्हणाली.

अँब्रोज आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या उघड्या पानाकडे. त्यांनी घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली. ट्रिना उभ्या उभ्याच लिहू लागली. चहाचं राहूनच गेलं.

माझ्या शेवटच्या पानाखालची जागा अजून तशीच आहे, मित्रांनो, आणि ती तशीच राहणार. ती भरून द्या असं मी तुम्हाला म्हणणार नाही, ते आता कुणाच्याच हातात नाही. मला जपा, असंही फारसं नाही म्हणणार. पुस्तकं ओलीतून, उंदरांतूनही उरतात. पण माझ्यासारख्या पुस्तकात काय लिहायचं ते ज्यांना पाठ आहे, अशी माणसं तुमच्या घरात, शेजारी, गल्लीच्या टोकाला बसलेली असतील. त्यांच्यापाशी जा. ते म्हणतील, नंतर सांगतो. तुम्ही उठू नका.